खुल्या संहितेची बोली

मी मराठीचा मास्तर. यंत्रांशी माझे सख्य बेताचेच. पण संगणकावर ‘पिजिन’ हे नाव वाचले आणि थबकलो. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या व्यापाऱ्यांची कामचलाऊ बोली म्हणजे पिजिन!

१९९८ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने लिनक्स संगणकांवरून एओएल कंपनीच्या ‘एम’ या निरोपसेवेत गप्पा मारता याव्यात म्हणून ‘गेम’ हा प्रोग्रॅम रचला. त्याची संहिता सर्वांना खुली ठेवली. पुढे अनेक सेवांवरील स्नेह्यांशी त्यातून बोलता येऊ लागले. नावात आपले ‘एम’ आहे, अशी एओएलने हरकत घेतली. २००७ साली दुसरे बारसे झाले, पिजिन!

२०१७ साली ‘एम’ सेवाच मिटली. पिजिन मात्र आहे. जात्यावरची ओवी कुणा एकीच्या मालकीची नव्हती, म्हणूनच घरोघर जगली. या संहितेचेही तसेच नाही का?