दुकान कायद्याची सवलत : काय सुटले, काय उरले?

आपल्याकडे बहुतेक व्यापारी 'शॉप अ‍ॅक्ट' एवढेच नाव जाणतात. बँकेत करंट खाते उघडायचे, कर्ज मागायचे तर हा कागद लागतो, एवढीच त्याची ओळख. परंतु या कायद्यात गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले असून ते प्रत्येक दुकानदाराने व कारागिराने समजून घेणे जरूरीचे आहे.

पूर्वीचा कायदा १९४८ चा होता. दुकान छोटे असो की मोठे, सर्वांना तो लागू असे. उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा सरकार ठरवी. डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला. त्याने १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची व पावती घ्यायची. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. मात्र कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिलीच पाहिजे. २०२५ मध्ये सरकारने प्रथम अध्यादेश काढून १० चा आकडा २० वर नेला. मोठ्या दुकानांत दिवसाचे काम ९ तासांऐवजी १० तास व तीन महिन्यांतील ओव्हरटाईम १२५ वरून १४४ तास झाला. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे.

सरकारचे म्हणणे असे की कागदपत्रांच्या भीतीने दुकानदार दहावा माणूस ठेवत नाही. भीती गेली तर रोजगार वाढेल. या म्हणण्यात तथ्य आहे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत ईद-दिवाळीला गिऱ्हाईक आवरत नाही, तेव्हा जादा माणसे लागतातच. एक-दोन कारागिरांच्या टेलरिंगवाल्यालाही ही साधी पावती काढता येते.

परंतु एका कायद्याचा आकडा सरकला म्हणजे सगळ्यांचा सरकला, असा गैरसमज बाजारात पसरला आहे. तो नुकसान करील. ग्रॅच्युइटीचा आकडा १० चाच आहे. १४ माणसांच्या कापड दुकानातील सेल्समन दहा वर्षांनी नोकरी सोडतो, त्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असेल, तर दर वर्षाचे १५ दिवस, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने ७,५०० रुपये, एकूण ७५,००० रुपये देणे लागते. ही तरतूद आधीपासून बाजूला काढावी. किमान वेतन तर एका नोकरालाही द्यावे लागते. २०२२ पासून मराठी पाटीही लहान दुकानांना सक्तीची आहे.

दुसरी बाजू नोकराची आहे. या कायद्याने वर्षाच्या ८ किरकोळ रजा, कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा व ओव्हरटाईमला दुप्पट मजुरी मिळते. १२ किंवा १५ माणसांच्या दुकानातील नोकराला २०२५ पर्यंत हा हक्क होता. आता तो मालकाच्या मर्जीवर आला. मालकाचे ओझे हलके झाले खरे, पण त्यातले काही नोकराच्या डोक्यावर गेले, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून व्यापारी बंधूंना सांगणे आहे की सवलत घ्या, पण हजेरीची व पगाराची वही बंद करू नका. ठरलेल्या रजा लिहून द्या. कापड ओळखणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतात, आणि हैदराबाद व पुण्याचा बाजार त्याची वाटच पाहत असतो. कायद्याने सोडलेले कागद गेले तरी चालतील, असा माणूस गेला तर दुकान बसते.