एकाच काचेतून दोन टीव्ही

संपादकांनी पाठवलं ते एका प्रश्नापायी: घरोघरचा टीव्ही आता इंटरनेटवर चाललाय म्हणतात, तो माणदेशात कुठवर पोहोचला? निम्मं उत्तर आटपाडीच्या गल्लीत मान वर केली की मिळतं. एकाच पत्र्यावर गंजलेली जुनी डिश, शेजारी आग्नेयेकडे तोंड केलेली दूरदर्शनची फ्री डिश आणि दोन्हींच्या खालून घरात शिरणारी बारीक काळी फायबर. उरलेलं निम्मं उत्तर एका केबलवाल्याच्या मांडीवरच्या यंत्रात होतं.

यंत्राकडे वळण्याआधी कागदोपत्री इतिहास उरकून घेऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ऐंशीच्या दशकात गणपतीत नाहीतर लग्नात व्हीसीआर भाड्याने यायचा आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे चालायचे. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गावोगावी कुणीतरी मोठी छत्री उभारून केबलवाला झाला. १९९५ च्या केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि डिजिटलचा डबा सक्तीचा ठरला. मुंबईत तो २०१२ मध्येच बसला. ग्रामीण भारताला शेवटची मुदत मिळाली ३१ मार्च २०१७ ची. त्याआधी काही महिने, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं होतं. म्हणजे आटपाडीसारख्या ठिकाणी डिजिटल केबल रुजायच्या आतच स्वस्त डेटा पोरांच्या खिशात पोहोचला होता.

आता ते यंत्र. त्याला स्प्लाइसिंग मशीन म्हणतात, गल्लीतला शब्द नुसता ‘मशीन’. चाळिशीतला हा केबलवाला पूर्वी कोएक्स वायर दाताने सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोड मारायचा. काचेला ते चालत नाही. आधी तो फायबरवर एक बारीक नळी, स्लीव्ह, सरकवून ठेवतो. ती विसरली तर झालेला जोड कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग प्लास्टिकचं आवरण सोलायचं, आतली १२५ मायक्रॉनची उघडी काच स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने तिचं टोक काटकोनात कापायचं. प्रकाश धावतो तो या काचेच्याही मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन टोकं खाचेत ठेवून झाकण लावलं की मशीन स्वतःच ती पुढे-मागे सरकवतं. पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात. समोरासमोर आली की दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते, काच वितळते आणि एकजीव होते. खाली आकडा येतो: ०.०१ डीबी. जोडात वाया जाणारा प्रकाश इतका थोडा. हा आकडा वाचताना त्या माणसाचा चेहरा निकाल बघणाऱ्या पोराचा होतो, आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्याचाही होतो.

मशीनचा शत्रू माणदेशचा वारा. धुळीचा एक कण टोकावर बसला की आकडा बिघडतो. म्हणून जोड मारायचा तो बंद गाडीत किंवा कुणाच्या तरी सोप्यात, पंखा बंद करून. घरातली आज्जी पंखा बंद केला म्हणून कुरकुरते, आणि दादा एवढं करतोय तर म्हणून चहाही ठेवते.

या एका काचेतून दोन टीव्ही येतात. १५५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीवर जुनी केबल, सगळ्या वाहिन्या एकदम, सगळ्यांना सारख्या. १४९० वर इंटरनेट येतं आणि १३१० वर घरातली मागणी परत जाते. खांबावरचा स्प्लिटर एकाच धाग्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. पूर्वी कोएक्सवर ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर असायचे. भारनियमनात ते बंद पडले की पुढची सगळी घरं अंधारात. आता भिंतीवरच्या डब्याला दोन तोंडं आहेत: एकातून टीव्हीची वायर, दुसऱ्यातून वायफाय. या माणसाने आयुष्यभर जी केबल विकली आणि जे इंटरनेट ती केबल संपवतंय, ती दोन्ही त्यानेच एका जोडात बांधून दिली आहेत.

संपवतंय कसं, ते हिशेबात कळतं. २०१९ पासून लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, दररचनेत जोडणीचं मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, वर १८ टक्के जीएसटी. वेगळा करार नसेल तर त्यातले ४५ टक्के स्थानिक केबलचालकाचे, म्हणजे महिन्याला घरामागे ५८ रुपये ५० पैसे. तिकडे २०२३ साली आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली. घरात स्मार्ट टीव्ही किंवा स्टिक आली की नातवंडं रिमोट ताब्यात घेतात आणि केबलचा रिचार्ज संपला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चालक तगतो तो इंटरनेटच्या महिन्यावर. इंटरनेटची मागणी मात्र पक्की आहे. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगली आहेत. गावी राहिलेल्या आईवडिलांना मालिकेइतकाच व्हिडिओ कॉल हवा असतो.

अडचणी विचारल्या की केबलवाला बोटांवर मोजू लागतो. पहिली खुदाईची. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी या तालुक्यात यावं म्हणून पाणी संघर्ष परिषद १९९३ पासून लढली. ते पाणी बंद नळांतून शेतापर्यंत न्यायचं तर जमीन खणावीच लागते. जेसीबीच्या एका फटक्यात फायबर तुटते आणि तक्रार तरी कुणाची करायची? पाणी तर सगळ्यांनाच हवंय. दुसरी विजेची. स्प्लिटरला वीज लागत नसली तरी घरातल्या डब्याला लागते. लाइट गेली की वायफाय गेलं. तिसरी अंतराची. माणदेशातल्या वस्त्या रानात विखुरलेल्या, दोन घरांसाठी दोन किलोमीटर वायर ओढणं परवडत नाही. तिथे २००४ साली सुरू झालेली, महिना न घेणारी फ्री डिशच राज्य करते, आणि पोरं बांधावर रेंज शोधत फिरतात. चौथी माणसांची. मशीन शिकलेला पोरगा पुण्यात जास्त पगारावर जातो.

मला काळजी वाटते ती या चौथ्या अडचणीची. ॲप मुंबईत बनतं, सर्व्हर कुठेही असतो, पण शेवटच्या खांबावरचा जोड आटपाडीतच तुटतो. कार्यक्रम विकणाऱ्या कंपनीला त्या खांबाशी देणंघेणं नाही. वाहिनी दिसेना झाली की लोक पूर्वी केबलवाल्याला फोन करायचे. आता ॲप अडकलं तरी फोन त्यालाच जातो, फक्त ॲपच्या पैशांत त्याचा वाटा नसतो. केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट योजनेत स्थानिक उद्योजकाने शेवटच्या टप्प्याची जोडणी द्यायची, ती राखायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी तरतूद आहे. त्या जागी नवा ठेकेदार बसवण्याऐवजी गल्लीतला प्रत्येक खांब ओळखणारा हा केबलवाला बसवला, तर आटपाडीचा टीव्ही इंटरनेटवर टिकेल. नाहीतर फायबर गावभर असेल आणि ती तुटल्यावर यायला कुणी नसेल.