दिव्यांगांची मोजदाद: शरीराची की अडथळ्यांची?

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १५ लाख ७० हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०११मध्ये हाच आकडा २९ लाख ६३ हजारांवर गेला. त्याच दहा वर्षांत तमिळनाडूचा आकडा मात्र १६ लाख ४२ हजारांवरून ११ लाख ८० हजारांवर उतरला. महाराष्ट्रात अशी कुठली साथ आली नव्हती, आणि तमिळनाडूतल्या साडेचार लाख माणसांना गेलेली दृष्टी किंवा हातापायांतलं बळ परत मिळालं नव्हतं. बदलले होते ते प्रगणकाच्या हातातले प्रश्न, त्यामागच्या व्याख्या आणि त्याला मिळालेलं प्रशिक्षण.

देशपातळीवरचे आकडे हेच सांगतात. २००१मध्ये पाहण्याची अडचण असलेल्या १ कोटी ६ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या, २०११मध्ये ५० लाख. ऐकण्याची अडचण असलेल्यांची संख्या उलट साडेबारा लाखांवरून ५० लाखांच्या पुढे गेली. २००१मध्ये एकाच डोळ्याने दिसणारी व्यक्ती अपंगांत धरली जात होती, २०११मध्ये तिला वगळलं गेलं. श्रवणयंत्र वापरणाऱ्याची नोंद २००१मध्ये होत नव्हती, २०११मध्ये ती होऊ लागली. सूचनापुस्तिकेतल्या एकेका ओळीने लाखो माणसं सरकारी कागदावर आली किंवा कागदावरून गेली.

दिव्यांगांच्या हक्कांविषयी आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते अनुदान, आरक्षण आणि साहित्यवाटपापासून. त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो: सरकार नेमकं काय मोजतं? गेल्या दीडशे वर्षांत शासनाने आधी माणसं मोजली, मग त्यांच्या शरीरातली उणीव टक्क्यांत मोजली आणि अगदी अलीकडे त्यांच्या वाटेतले अडथळे मोजायला सुरुवात केली. हक्क प्रत्यक्षात उतरतात ते या तिसऱ्या मोजणीतून, आणि नेमकी तीच सर्वांत मागे पडली आहे.

एकाच वर्षी दोन उत्तरं

ब्रिटिश सरकारने १८७२च्या पहिल्या जनगणनेपासूनच अंध, मूकबधिर, मनोरुग्ण आणि कुष्ठरोगी यांची गणती केली. १९३१पर्यंत ती चालू राहिली. माहिती विश्वासार्ह नाही म्हणून १९४१पासून हा प्रश्न गाळला गेला आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या तीन जनगणनांतही तो परतला नाही.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्यानिमित्ताने त्या जनगणनेच्या घरयादीत हा प्रश्न पुन्हा आला, पण पूर्णपणे अंध, पूर्णपणे मूक आणि पूर्णपणे पांगळ्या व्यक्तींपुरता. उत्तर आलं सुमारे ११ लाख. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ३६व्या फेरीने अपंगांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख असल्याचं सांगितलं. एकाच देशात, एकाच वर्षी, सरकारच्याच दोन यंत्रणांच्या उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर होतं. यावर पद्धत सुधारायला हवी होती. तसं न होता १९९१मध्ये प्रश्नच पुन्हा वगळला गेला.

तो परत आणला चळवळीने. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी पहिला अपंग व्यक्ती कायदा अमलात आला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता होती आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होतं. कायदा आहे, पण तो किती जणांसाठी आहे हे सरकारला ठाऊक नाही, अशी तेव्हाची स्थिती होती. चाकाच्या खुर्चीवरून देशभर ही चळवळ नेणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणून आंदोलन केलं आणि तो आला. मोजलं जाणं हाच एक हक्क आहे, हे या मंडळींनी ओळखलं होतं. ज्यांची संख्या नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

दोन टक्के की सोळा टक्के?

२०११ची जनगणना म्हणते, भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. २०१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीतही २.२ टक्केच निघाले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल मात्र जगातली १६ टक्के माणसं, म्हणजे सुमारे १३० कोटी, लक्षणीय अपंगत्वासह जगत असल्याचं सांगतो. हे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही एवढी मोठी तफावत समजून घ्यायलाच हवी.

आपला प्रगणक दारात उभा राहून कुटुंबप्रमुखाला विचारतो, घरात कुणी शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का? सत्तरीतल्या आजीला जिना चढता येत नाही, कानाने कमी ऐकू येतं. पण तिला अपंग म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते तर वयच झालं! लग्नाच्या वयाच्या मुलीला फिट येत असतील किंवा मुलगा वर्षानुवर्षं मानसिक आजाराच्या गोळ्या घेत असेल, तर घरचे उंबऱ्यावरच ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. एका धाकट्या बहिणीचं स्थळ मोडू नये म्हणून थोरलीची नोंद राहून जाते. २०११मध्ये दिव्यांग पुरुष दीड कोटी आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख नोंदल्या गेल्या. त्या तफावतीचा विचार करताना हे झाकणंही लक्षात घ्यावं लागतं.

यावर एक साधी पद्धत उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा प्रश्न तयार केले. पाहताना, ऐकताना, चालताना किंवा जिना चढताना, लक्षात ठेवताना, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करताना आणि दुसऱ्याशी बोलताना अडचण येते का? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, करताच येत नाही. ‘अपंग’ हा शब्द प्रश्नात कुठेही येत नाही, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरत नाही. आपल्या यंत्रणेने मात्र अलीकडे उलटच पाऊल टाकलं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाचे प्रश्न होते. सहाव्या फेरीत ते काढून टाकले गेले.

किती टक्के?

दिव्यांग माणसाला आयुष्यभर ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, किती टक्के? दाखल्यावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच आरक्षणासारखे बहुतेक लाभ मिळतात. तो दाखला मिळवायचा तर सिव्हिल हॉस्पिटलच्या ठरलेल्या वाराला तालुक्याहून एसटीने जिल्ह्याला जायचं, रांग लावायची, तज्ज्ञ आले नसतील तर पुढच्या वाराला पुन्हा यायचं. ज्याला चालता येत नाही त्यानेच सर्वांत जास्त चालायचं, अशी ही व्यवस्था आहे. ७६व्या फेरीत आढळलेल्या दिव्यांगांपैकी केवळ २८.८ टक्के जणांकडे दाखला होता. म्हणजे कागदावरचे हक्क दर दहांतल्या सात जणांना लागूच होत नव्हते.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. अपंगत्व केवळ शरीरात नसतं, शरीर आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या गाठीतून ते घडतं, हा त्या कराराचा गाभा. त्याला अनुसरून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सातांऐवजी एकवीस प्रकारांना मान्यता मिळाली. स्वमग्नता, ॲसिडहल्ल्याने आलेलं अपंगत्व, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचा त्यात समावेश झाला. नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्के झालं, उच्च शिक्षणात ते ५ टक्के झालं.

पण नव्या कायद्यातही शरीराच्या मोजमापाची जुनी सवय उरलीच. सिकलसेलचंच पाहा. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार कित्येक घरांत आहे. अशा मुलाला कॉलेजच्या प्रवेशात राखीव जागा मिळू शकते. नोकरीसाठी अर्ज करताना मात्र कायद्याच्या ३४व्या कलमात रक्तविकारांचा गट नसल्याने तोच तरुण आरक्षणाबाहेर पडतो. अपंगत्व मान्य, पण रोजगाराचा वाटा अमान्य!

टक्क्यांच्या या राज्याला सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी धक्का दिला. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं बोलण्यासंबंधीचं अपंगत्व ४४-४५ टक्के ठरवून त्याला वैद्यकीय प्रवेश नाकारण्यात आला होता, कारण ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर प्रवेश नाही, अशी नियमात रेघ होती. न्यायालयाने सांगितलं की टक्का पाहून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे वैद्यकीय मंडळाने तपासून नोंदवायला हवं. काय नाही, याऐवजी काय जमतं आणि त्यासाठी कोणती सोय लागेल, असं विचारण्याचा हा आग्रह आहे. सबंध कायद्याची दिशा तीच असायला हवी होती.

अडथळ्यांची मोजणी

२०१६च्या कायद्याने सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायला सांगितलं. नियम जून २०१७मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून २०२२मध्ये संपली. ३ डिसेंबर २०१५ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाच्या मुदतीही वारंवार वाढवल्या गेल्या. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५मध्ये केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राला प्रत्यक्ष पाहणी करायला सांगितलं. त्या अहवालानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला. नियम १५ मधली मानकं निव्वळ शिफारशी ठरतात आणि मूळ कायद्याला तर सक्ती अपेक्षित आहे, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असं न्यायालयाने म्हटलं. किमान सक्तीची मानकं तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश सरकारला दिला गेला.

मुंबईत याचं अगदी जवळचं उदाहरण घडलं. फुटपाथवर वाहनं चढू नयेत म्हणून महापालिकेने इतके जवळजवळ खांब रोवले की चाकाची खुर्ची आत जाईना. एका खुर्चीवापरकर्त्याने उच्च न्यायालयाला ईमेल पाठवला आणि २०२३मध्ये न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. या माणसाचं अपंगत्व किती टक्के, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. दोन खांबांमधलं अंतर किती, एवढंच मोजायचं होतं.

पुढची मोजणी

महाराष्ट्राने २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापण्याचा निर्णय जाहीर केला, आणि स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम राज्यात आहे. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण गावात कोण आहे आणि कुठे अडतं हेच ग्रामपंचायतीला माहीत नसेल, तर ५ टक्क्यांचं रूपांतर वर्षातून एकदाच्या वाटपात होतं. शाळेला उतार, पाणवठ्यावर कठडा, बधिर मुलांसाठी खुणांची भाषा जाणणारा शिक्षक यांतलं काय हवं, हे नोंदवहीतून दिसलं तरच तो पैसा हक्काचं काम करील.

येत्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ही संधी गेली तर पुढची दहा वर्षं जुन्या आकड्यांवरच धोरणं आखली जातील. म्हणून दिव्यांग संघटनांना सोबत घेऊन प्रगणकांचं प्रशिक्षण व्हावं, अडचणींविषयीचे प्रश्न विचारले जावेत आणि माहिती शक्य तिथे त्या व्यक्तीकडूनच घेतली जावी. इमारती, बसथांबे, दवाखाने, मतदान केंद्रं आणि सरकारी संकेतस्थळं यांचीही दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिचे निकाल वॉर्डावॉर्डांत, गावागावांत लावले जावेत.

सरकारकडे हे मागत असताना एक काम आपल्या हातात आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची खरी माहिती सांगा: न ऐकू येणाऱ्या आजोबांची, मनाने आजारी असलेल्या भावाची, फिट येणाऱ्या बहिणीची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती पायऱ्याच पायऱ्या असलेल्या तहसील कचेरीची, आणि ती कचेरी बदलायला लावण्यासाठी आपल्या घरातल्या माणसाची नोंद आधी व्हायला हवी.