गेरूच्या डोंगरातील चढउतार

फ्रान्सच्या आग्नेयेस, प्रोव्हान्स प्रांतात पूर्व-पश्चिम पसरलेली ल्युबरों ही चुनखडीची डोंगररांग उंचीच्या हिशेबाने कोणावर छाप पाडावी अशी नाही. मूर नेग्र हे तिचे सर्वोच्च शिखर अवघे ११२५ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून पाचशे मीटरांनी ठेंगणे आहे. तरीही सामानाच्या पिशव्या सायकलला लावून आठवडाभर भटकणाऱ्यांमध्ये या रांगेचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्याचे कारण तिच्या उंचीपेक्षा तिच्यावरील वस्तीच्या मांडणीत शोधावे लागते. येथे रोमनांचा रस्ता दरीच्या तळाशी आहे, मध्ययुगीन गावे टेकड्यांच्या माथ्यावर आहेत, आगगाडीचा जुना मार्ग पुन्हा तळाशी उतरला आहे आणि गेरूच्या खाणी या दोहोंच्या मधल्या उंचीवर आहेत. प्रत्येक काळाने आपापल्या गरजेनुसार एकेक पातळी निवडली. मोटारीतून जाणाऱ्याला ही निवड जाणवत नाही. सायकलस्वाराला मात्र ती चढाच्या रूपाने भेटते आणि तिची किंमत त्याला पायांनी मोजावी लागते.

या प्रदेशाला १९७७ मध्ये ‘प्रादेशिक निसर्ग उद्यान’ असा दर्जा मिळाला. ही संज्ञा थोडी उलगडून सांगायला हवी, कारण राष्ट्रीय उद्यान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वनखात्याची चौकी, प्रवेशशुल्क आणि मनुष्यवस्तीला मज्जाव असे चित्र उभे राहते. फ्रान्सने १९६७ साली कायद्यात आणलेली प्रादेशिक उद्यानाची कल्पना याहून वेगळी आहे. तीत गावे, शेते, द्राक्षमळे आणि कारखानेदेखील उद्यानाच्या आतच असतात. गावांनी, जिल्ह्यांनी आणि प्रांताने मिळून एक सनद स्वीकारायची, बांधकाम, जाहिरातफलक, पाणी, जंगल यांविषयी काही बंधने आपणहून घालून घ्यायची आणि ठरावीक वर्षांनी त्या सनदेचे नूतनीकरण करायचे, असा तिचा गाभा आहे. व्होक्ल्यूज आणि आल्प-द-ओत-प्रोव्हान्स या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या ल्युबरों उद्यानात अशी सत्तरांहून अधिक गावे आहेत. साहजिकच येथील सायकलवाट निर्जन रानातून जात नाही. ती लोकांच्या अंगणांवरून, बाजारांतून आणि बांधांवरून जाते.

मुख्य वाट वर्तुळाकार असून तिची लांबी सुमारे २३६ किलोमीटर आहे. पश्चिमेकडील काव्हायोंपासून निघून डोंगराच्या उत्तर अंगाने ओपेद, मेनेर्ब, लाकोस्त, बोनियो, आप्त या क्रमाने ती पूर्वेकडील फोर्काल्किएपर्यंत जाते आणि तेथून मानोस्क, क्युक्युरों, लूरमारँ, मेरँदोल करीत दक्षिण अंगाने परतते. तिचा बहुतेक भाग नव्याने बांधलेला नाही. कमी रहदारीचे गावरस्ते हेरून त्यांवर पाट्या लावणे एवढेच काम केले गेले आणि तेच शहाणपणाचे ठरले. एका दिशेने जाणाऱ्यासाठी पांढऱ्या आणि उलट दिशेने येणाऱ्यासाठी गेरूच्या रंगाच्या पाट्या असल्याने फाट्यावर नकाशा उघडण्याची वेळ क्वचितच येते.

दरीच्या तळापासून सुरुवात केली तर पहिली भेट रोमनांची होते. इटलीला स्पेनशी जोडणारा व्हिया दोमितिया हा त्यांचा महामार्ग कालाव्हों नदीच्या दरीतून जात असे आणि त्यावरील ‘पाँ ज्युलियाँ’ हा तीन कमानींचा दगडी पूल इसवी सनपूर्व ३ च्या सुमारास बांधलेला आहे. दगडांच्या सांध्यांत चुना नाही. घडीव चिरे केवळ एकमेकांवरील भाराने उभे आहेत. कमानींमधल्या खांबांना आरपार खिडक्या ठेवलेल्या दिसतात, त्या शोभेसाठी नाहीत. उन्हाळ्यात ओहोळाएवढी उरणारी ही नदी पावसात एकाएकी फुगते, तेव्हा पुराचे पाणी या खिडक्यांतून वाट काढते आणि खांबांवरचा दाब कमी होतो. हा पूल २००५ पर्यंत मोटारींची वाहतूक पेलत होता. त्या वर्षी शेजारी नवा पूल झाला आणि जुना पादचाऱ्यांसाठी व सायकलींसाठी राखला गेला.

पुलाजवळूनच जाणारी सायकलवाट ही काव्हायों-आप्त या आगगाडीच्या जुन्या मार्गावर तयार केलेली आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी हा मार्ग दरीच्या कडेकडेने, जवळजवळ सपाट नेला. रूळ उखडल्यानंतर तोच सौम्य उतार लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांच्या कामी आला. अंजीर, चेरी, द्राक्षे यांच्या शेतांमधून जाणाऱ्या या पट्ट्यात जुनी स्थानके आणि फाटकवाल्यांची घरे अजून ओळखू येतात.

सपाटी सोडून गावाकडे वळले की चढ सुरू होतो. चढाची तीव्रता टक्क्यांत सांगतात. आठ टक्के म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात आठ मीटर उंची. ल्युबरोंमधील गावांचे चढ घाटासारखे लांबलचक नसले तरी आखूड आणि आडमुठे आहेत, आणि दिवसातून चारपाच वेळा खाली उतरून पुन्हा वर चढायचे असल्याने संध्याकाळपर्यंत त्यांची बेरीज मोठी होते. ही गावे वर का बसली, याचे सोपे उत्तर भय हे आहे. लुटारू, भाडोत्री सैनिक आणि शेजारचा सरदार यांच्यापासून बचाव करायचा तर कड्याच्या टोकावर एकमेकांना चिकटून घरे बांधणे आणि बाहेरच्या भिंतींचाच तट करणे सोयीचे होते; शिवाय दरीतली सुपीक जमीन घरांखाली जात नसे.

सोळाव्या शतकात या भयाला धर्माचे रूप आले. बाराव्या शतकात लियोंमध्ये उदयास आलेला वाल्देन्सी हा पंथ बायबल लोकभाषेत वाचण्याचा आणि साधेपणाचा आग्रह धरीत असे. त्याचे अनुयायी आल्प्समधून ल्युबरोंच्या ओसाड पडलेल्या गावांत शेतीसाठी येऊन राहिले होते. एप्रिल १५४५ मध्ये एक्स शहरातील न्यायपीठाचा प्रमुख आणि ओपेदचा सरदार झाँ मेनिए याच्या नेतृत्वाखाली त्यांच्यावर फौज सोडण्यात आली. मेरँदोल जाळले गेले, आसपासची वीसएक गावे उद्ध्वस्त झाली आणि वाचलेल्या पुरुषांपैकी अनेकांना वल्ह्यांच्या जहाजांवर बांधून नेण्यात आले. मेरँदोलच्या टेकडीवर जुन्या गावाचे पडके अवशेष आजही आहेत. लाकोस्त आणि बोनियो ही दोन गावे समोरासमोरच्या उंचवट्यांवर बसून एकमेकांकडे पाहतात. पहिले प्रोटेस्टंट सुधारकांच्या बाजूचे, तर दुसरे थेट पोपच्या अमलाखालील मुलखातले. त्यांच्यातला उतार आणि पुढचा चढ सायकलने अर्ध्या तासात संपतो. पोपच्याच अमलातले मेनेर्ब प्रोटेस्टंटांनी १५७३ मध्ये बळकावले आणि वेढा पडूनही ते पाच वर्षे सोडले नाही, ही गोष्ट त्या गावाचा खडा चढ चढताना सहज पटते. पुढे शांतता स्थिरावली तशी माथ्यावरची गैरसोय जड वाटू लागली आणि लोक खाली उतरले. ओपेदचे वरचे गाव असेच रिकामे होत गेले आणि तेथे छप्पर नसलेल्या भिंतींतून झाडे उगवली.

उत्तर अंगाचे खरे वैभव मात्र रुसियों, गार्गास आणि रुस्त्रेल या गावांभोवतीच्या लाल-पिवळ्या मातीत आहे. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू, पिवडी आणि कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे काढण्यासाठी वापरली जाणारी काव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पदार्थ परका वाटणार नाही. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी लोहयुक्त हिरवट खनिज मिसळलेली वाळू साचत होती. समुद्र हटल्यावर उष्ण, पावसाळी हवामानात या वाळूतील विरघळणारे घटक धुऊन गेले आणि मागे गारेचे कण, केओलिन ही पांढरी चिकणमाती आणि लोहाची ऑक्साइडे उरली. कोकणातील जांभा दगड ज्या झिजेतून तयार झाला, तिचीच ही चुलतबहीण म्हणता येईल. फरक इतकाच की तेथे मूळ खडक बेसॉल्ट होता, येथे समुद्राची वाळू.

या वाळूत रंगद्रव्याचा वाटा थोडाच असतो आणि तो वेगळा काढण्याची पद्धत रुसियोंच्या झाँ-एतिएन आस्तिए याने १७८० च्या सुमारास रूढ केली, असे मानले जाते. खणून काढलेली माती पाण्याच्या जोरदार प्रवाहाबरोबर लांब पन्हळींतून सोडली जाई. जड वाळू वाटेतच तळाशी बसे आणि हलका गेरू पाण्यासोबत वाहत उथळ हौदांत येई. हौदांत तो निवळला की वरचे पाणी काढून टाकायचे, पुन्हा गढूळ पाणी सोडायचे, असे हिवाळाभर चाले. वसंतात उन्हाने घट्ट झालेला थर विटांच्या आकारात कापून सुकवला जाई. पिवळ्या गेरूतील गोएथाइट या खनिजात पाण्याचा अंश असतो. भट्टीत तापवल्यावर तो निघून जातो, हेमॅटाइट उरते आणि पिवळा रंग लाल होतो. त्यानंतर दळण, मग पिंपे, मग आगगाडीने मार्सेलचे बंदर. १९२९ ची जागतिक मंदी आणि कृत्रिम रंगांची स्पर्धा यांनी हा धंदा मोडला. रुसियोंमध्ये जुना कारखाना आता रंगविद्येचे केंद्र झाला आहे, तर गार्गासजवळ ब्रुओ येथे कुदळीने कोरलेले, पंधरा मीटरपर्यंत उंच असे बोगदे देवळाच्या गाभाऱ्यासारखे शांत पडले आहेत. या गावांना जोडणारी ‘गेरूची सायकलवाट’ पन्नास किलोमीटरांच्या घरात आहे आणि ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने २३६ किलोमीटरांचा हट्ट सोडून तीच धरावी.

रुसियोंला साहित्याचाही एक धागा आहे. नाझींविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील असलेला सॅम्युएल बेकेट पॅरिसहून निसटून १९४२ मध्ये येथे आला, युद्ध संपत येईपर्यंत लपून राहिला आणि आसपासच्या शेतांवर मजुरी करीत राहिला. गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांच्या त्याच्या नाटकात, मूळ फ्रेंच संहितेत, रुसियोंचा आणि तेथील द्राक्षतोडणीचा उल्लेख येतो.

या भटकंतीचा खरा शत्रू चढ नसून वारा आहे. वायव्येकडून, रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा मिस्त्राल कधीकधी ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेग घेतो आणि सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. येथील घरबांधणीने त्याच्याशी केव्हाच तडजोड केली आहे: शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकी नसते, शेताच्या कडेला सरूच्या दाट रांगा असतात आणि घंटाघरावर भरीव कळसाऐवजी लोखंडी कांबींचा उघडा पिंजरा असतो, ज्यातून वारा अडथळा न होता निघून जातो. असा पिंजरा दिसला की सायकलस्वाराने समजून असावे. उत्तर अंगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच. निदान अर्धी वाट तरी वारा पाठीशी राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये उष्मा असतो आणि वणव्याच्या भीतीने जंगलांतील प्रवेशावर निर्बंध येतात, म्हणून एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हाच काळ बरा. लॅव्हेंडरचा जांभळा बहर पाहायचाच असेल तर जूनअखेरची गर्दी सोसावी लागते. मुक्कामासाठी ‘आक्योय व्हेलो’, म्हणजे ‘सायकलींचे स्वागत’, या मानचिन्हाची पाटी पाहावी. सायकल कुलूपबंद ठेवण्याची जागा आणि दुरुस्तीची हत्यारे तेथे असणे बंधनकारक आहे.

फोर्काल्किए हे एके काळी सरदारघराण्याची राजधानी असलेले गाव मागे टाकून वाट दक्षिणेला वळली की द्युरांस नदीचे रुंद खोरे उघडते आणि चढ मवाळ होतात. लूरमारँमध्ये आल्बेर काम्यूने नोबेल पुरस्काराच्या पैशातून १९५८ मध्ये घर घेतले. दोनच वर्षांनी, ४ जानेवारी १९६० रोजी, पॅरिसला परतताना मोटार अपघातात तो गेला. गावाच्या दफनभूमीत त्याचा दगड इतका साधा आहे की रोजमेरीच्या झुडपांत तो शोधावा लागतो. तेथून मेरँदोलवरून काव्हायोंला परत येणारा शेवटचा टप्पा फळबागांचा आहे, आणि काव्हायोंची कीर्ती तेथील खरबुजांवर उभी आहे. १८६४ मध्ये या गावाच्या वाचनालयासाठी पुस्तके मागितली गेली, तेव्हा अलेक्सांद्र द्युमाने आपली ग्रंथसंपदा देऊ केली आणि मोबदल्यात हयातभर वर्षाला बारा खरबुजे मागितली. नगरपालिकेने ठराव करून ती मंजूर केली.