एका मुक्कामात वेरूळ की अजिंठा?

शिर्डीला जोडून छत्रपती संभाजीनगरला (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) एक रात्र राहायचे आणि दोन्ही लेणी उरकायची, असा बेत अनेक कुटुंबे आखतात. सोबत लहान मुले असल्यास हा अट्टहास सोडावा. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. जाण्यायेण्यातच दिवस सरतो. वेरूळ मात्र ३० किलोमीटरवर आहे. आधी वार पाहावा: वेरूळ मंगळवारी, तर अजिंठा सोमवारी बंद असते.

सकाळी लेणी उघडताच थेट सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे गाठावे. उन्हे चढली की कातळ तापतो. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात हे मंदिर डोंगरातून वरून खाली कोरत आणले. शिखर आधी, पायथा नंतर, हे ऐकून मुले चकित होतात आणि दगडी हत्ती मोजण्यात रमतात. सर्व ३४ लेणी पाहण्याचा हट्ट नको. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

दौलताबादचा किल्ला वाटेतच लागतो. परंतु तेथील 'अंधारी' म्हणजे काळोख आणि वटवाघळे! कडेवर मूल असेल तर चांदमिनार पाहून परतलेले बरे. दुपारी मुलांना झोपू द्यावे. बीबी का मकबरा आणि पाणचक्की संध्याकाळी निवांत होतात.