उशी, निजण्याची रीत आणि घेरी

शेतकऱ्याच्या आरोग्याचा विचार करितांना अन्न, पाणी व श्रम यांची चर्चा बहुधा होते; पण आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा ज्या निद्रेंत जातो, तिच्या रीतीकडे फारसें लक्ष जात नाहीं. उमरेड तालुक्यांतील शेतकऱ्याचें अंथरूण तर एका ठिकाणीं नसतें. घरीं बाजेवर, खळ्यांत जमिनीवर, आणि रानडुकरांपासून पीक राखण्याकरितां जागलीस गेल्यावर मचाणावर तो निजतो. उशाला कधीं सावरीच्या कापसाची उशी, कधीं घोंगडीची गुंडाळी, तर कधीं नुसता हात. अशा माणसास कूस बदलतांच घर गरगर फिरल्यासारखें वाटूं लागलें, तर बाजेवर त्याचें फारसें बिघडत नाहीं; परंतु मचाणाच्या शिडीवर किंवा विहिरीच्या कांठीं तीच घेरी जिवावर बेतते. म्हणून तिचें कारण समजून घेणें अगत्याचें आहे.

घेरीचें मूळ

तोल राखणारें इंद्रिय कानाच्या आंतल्या भागांत असतें. तेथें द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून, त्यांच्या शेजारच्या पिशवींत चुन्याच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अति सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. वय वाढल्यानें, डोक्यास मार बसल्यानें, किंवा पुष्कळदां उघड कारण नसतांहि हे स्फटिक सुटतात व नलिकेंत शिरतात. मग डोकें वळविलें कीं ते घरंगळतात, द्रव ढवळला जातो, आणि डोकें थांबलें तरी तें फिरतच आहे असा चुकीचा निरोप मेंदूस पोंचतो. या विकाराचें वर्णन रॉबर्ट बाराणी यांनीं १९२१ सालीं केलें. तोलाच्या इंद्रियावरील संशोधनाबद्दल त्यांस १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

याची खूण सोपी आहे. आडवें होतांना, कूस बदलतांना किंवा मान वर करून पाहतांना घेरी येते. ती बहुधा एका मिनिटाच्या आंत ओसरते, आणि तशीच हालचाल केली कीं पुन्हां येते. पन्नाशीनंतर हा विकार अधिक, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो.

उशी व कूस

उशीनें हा रोग होतो असें म्हणणें बरोबर नाहीं, व उशी बदलल्यानें तो बरा होतो असेंहि नाहीं. तथापि निजण्याच्या रीतीचा त्याशीं संबंध आहे. उताणें सपाट निजल्यावर मागची नलिका खालच्या बाजूस येते आणि सुटलेले स्फटिक तींत उतरणें सोपें होतें. नित्य ज्या कुशीवर निजावें, त्याच बाजूच्या कानांत हा विकार अधिक आढळतो, असेंहि रुग्णांच्या पाहणींत दिसून आलें आहे. याकरितां त्रास चालू असतांना पुढील गोष्टी पाळाव्या.

१. ज्या कुशीवर वळतांच घेरी येते, ती कूस कांहीं दिवस टाळावी.

२. डोकें व खांदे दोन्ही थोडे उंच राहतील असा उतार करावा. केवळ मानेखालीं उंच गुंडाळी घातल्यास मान मुडपते व आखडते.

३. कुशीवर निजणाऱ्याची उशी खांदा व कान यांमधील अंतर भरून काढील इतकी जाड असावी. उताणें निजणाऱ्याची पातळ असावी. कापूस गोळा झाला असेल तर उन्हांत टाकून पुन्हां पिंजून घ्यावा.

४. जाग येतांच एकदम उठूं नये. कुशीवर वळून हातांच्या आधारानें बसावें, पाय खालीं सोडून मिनिट दोन मिनिटें थांबावें, व मगच उभें राहावें. रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करावयास जाणाऱ्यानें हा नियम कधींहि मोडूं नये.

प्रत्येक घेरी कानाची नव्हे

केवळ उभें राहतांना डोळ्यांपुढें अंधारी येत असेल, तर उन्हाळ्यांत शरीरांतील पाणी कमी झालेलें असणें किंवा रक्तदाब उतरणें हें कारण संभवतें. फवारणीनंतर घेरीबरोबर घाम, लाळ, ओकारी सुरू झाल्यास विषबाधा समजावी. १९१७ नव्हे, तर अलीकडेच २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें अनेक शेतकरी दगावले, हें विसरतां कामा नये. जमिनीवर निजलेला माणूस पोटदुखीनें उठला व त्याच्या पापण्या मिटूं लागल्या, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्याराची शंका घ्यावी. बोलणें अडखळणें, एक बाजू लुळी पडणें, एकाचे दोन दिसणें किंवा चालतांच न येणें, हीं मेंदूच्या विकाराचीं लक्षणें होत. या सर्व प्रसंगीं उशीचा विचार न करितां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

उपाय

कानाच्या घेरीवर औषधापेक्षां युक्ति अधिक गुणकारी आहे. जॉन एपली या अमेरिकन वैद्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें वैद्य रुग्णाचें डोकें ठराविक क्रमानें वळवून स्फटिक पुन्हां पिशवींत नेतात. यास थोडींच मिनिटें लागतात, व पुष्कळांस एक दोन वेळांतच आराम पडतो. पूर्वीं या उपचारानंतर रात्रभर बसून झोंपावयास सांगत. पुढील प्रयोगांत त्याचा विशेष लाभ दिसला नाहीं. मात्र कोणता कान व कोणती नलिका बिघडली हें प्रथम ओळखावें लागतें. म्हणून मांत्रिकाकडे किंवा मान मोडणाऱ्याकडे न जातां कानाच्या वैद्यास दाखवावें. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तो विभाग आहे.

बैलाची मान सुजली तर आपण जूं तपासतों. आपल्या मानेखालीं रोज काय असतें, हेंहि एकदां तपासून पाहावें. आणि घेरी येत असेल तोंवर मचाणाची राखण दुसऱ्याकडे सोंपवावी. पीक पुन्हां पेरतां येतें.