विश्लेषण : ध्रुवीय अस्वलाचे कान छोटे का? दोडामार्गच्या वर्गात आर्क्टिक कसे शिकवावे?

बर्फाचे चित्र, मधोमध पांढरे अस्वल आणि शेजारी पेंग्विन. शाळेच्या प्रकल्पवहीत हे पान हमखास सापडते. मोबाइलवर शोधले, प्रिंट काढली, चिकटवली आणि प्रकल्प झाला. पण हे दोन प्राणी निसर्गात एकमेकांना कधीच भेटत नाहीत. ही चूक मुलांना स्वतः शोधता यावी, यासाठी शिक्षक-पालकांना काय करता येईल?

आर्क्टिक आणि अंटार्क्टिकमध्ये फरक काय?

उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र. दक्षिणेचे अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. ध्रुवीय अस्वल उत्तरेचे, तर अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिणेचे. आर्क्टिकमध्ये माणसेही हजारो वर्षांपासून राहतात. इनुइट आणि सामी हे तिथले मूळ समाज. अंटार्क्टिकामध्ये मूळ रहिवासी नाहीत.

सुरुवात दोडामार्गच्या हत्तीपासून का?

‘अनुकूलन’ हा शब्द बालभारतीच्या सातवीच्या सामान्य विज्ञानात पहिल्याच धड्यात येतो. व्याख्या पाठ होते, अर्थ मात्र पुस्तकातच राहतो. तिलारी खोऱ्यातल्या मुलांना मात्र हत्ती ठाऊक आहे. २००२ पासून कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींनी इथल्या केळी-माडांच्या बागांचे नुकसान केले आहे. हत्तीचे कान सुपाएवढे असतात. त्यातल्या रक्तवाहिन्यांमधून अंगातली उष्णता बाहेर पडते. ध्रुवीय अस्वल आणि आर्क्टिक कोल्हा यांचे कान याउलट छोटे व गोलसर असतात, कारण तिथे उष्णता वाचवायची असते. ‘कान किती मोठे?’ या एका प्रश्नातून दोन्ही टोके जोडली जातात.

दुसरे उदाहरण बांबर्डे-हेवाळेच्या रानटी जायफळाच्या दलदलीचे. पाण्याखालच्या चिखलात हवा मिळत नाही, म्हणून तिथल्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वर येतात. आर्क्टिकच्या वनस्पती थंड वाऱ्यापासून वाचण्यासाठी जमिनीलगत, गादीसारख्या वाढतात. जागा वेगळ्या, अडचणी वेगळ्या, म्हणून उपायही वेगळे.

वर्गात कोणता प्रयोग करता येईल?

बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, हे घरोघरी माहीत असते. तेवढेच गरम पाणी शिक्षकांनी तांब्यात आणि परातीत ओतावे. दहा मिनिटांनी मुलांनी तापमान मोजावे. पसरट भांड्यातली उष्णता आधी जाते. मोठ्या कानाचेही तसेच.

दुसरा प्रयोग चरबीचा. दोन प्लॅस्टिक पिशव्यांमध्ये वनस्पती तूप भरून त्यात हात घालावा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवावा. दुसरा हात नुसत्या पिशवीत. कोणता आधी गारठतो? सील आणि अस्वलाच्या कातडीखालचा चरबीचा थर काय करतो, हे मग सांगावे लागत नाही.

माहिती कशी तपासायची?

‘अस्वलाचे पोकळ केस सूर्यप्रकाश कातडीपर्यंत पोहोचवतात’ हे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. प्रत्यक्ष मोजणीत हा दावा टिकला नाही. त्याचे केस रंगहीन असतात आणि कातडी काळी असते, एवढे मात्र खरे. म्हणून मुलांना साधा नियम द्यावा : एक गोष्ट दोन स्वतंत्र ठिकाणी सापडली, तरच लिहायची आणि कुठे सापडली तेही लिहायचे. एकाने दुसऱ्याचे उतरवलेले असेल, तर ते एकच ठिकाण समजायचे.

विश्वासू माहितीचे एक ठिकाण आपल्या शेजारीच आहे. वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचे आर्क्टिकमधले ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र याच संस्थेच्या अखत्यारीत येते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले.

सादरीकरण कसे असावे?

चार-पाच मुलांचा गट, एक प्राणी किंवा वनस्पती आणि पाच मिनिटे. तक्त्यावर चारच गोष्टी : आमचा प्रश्न, उत्तर, पुरावा, आणि जे सापडले नाही ते. तक्ता वाचून दाखवायचा नाही, समजावून सांगायचा. घरच्या मालवणीत सांगितले तरी चालेल. मुलाला विषय कळला की नाही, हे तिथेच समजते. शेवटी वर्गाने निदान दोन प्रश्न विचारावेत. ‘माहीत नाही, शोधून सांगतो’ या उत्तराचे गुण कापू नयेत.

हे शिकणे का महत्त्वाचे?

अनुकूलनाला हजारो वर्षे लागतात, बदल मात्र काही दशकांत होत आहे. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे. समुद्रावरचा बर्फ कमी झाला की त्यावरून सीलची शिकार करणारे अस्वल उपाशी राहते. छोटे कान आणि चरबी तिथे कामाची नाहीत. दलदल आटली तर बांबर्डेच्या जायफळाचेही तेच होईल. आर्क्टिकवरचा तक्ता नीट केलेले मूल उद्या आपल्या रानाबद्दलही ‘हे असे का?’ विचारेल आणि मिळालेले उत्तर तपासूनही पाहील.